दावणीला घोडं बांधण्याआधी वहीत हिशेब मांडा

मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्यात तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. पाठोपाठ पंधरवड्यात नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा असते. तिथेही घोडी, गाढवे, उंट विकायला येतात. पूर्वी या बाजारांत जुने शौकीन, वरातीचा धंदा करणारे आणि ओझ्याला तट्टू शोधणारे दिसत. अलीकडे एक नवे गिऱ्हाईक दिसू लागले आहे. ते म्हणजे कॉलेजात शिकणारा शेतकऱ्याचा पोरगा. कांद्याची पट्टी आलेली असते, नाहीतर उसाचे बिल जमा झालेले असते. पोरगा म्हणतो, "बापू, गाडी नको, घोडी घेऊन द्या."

शेतकरी बंधूंनो, पोराचा हट्ट वाईट नाही. जनावरावर जीव लावणारा पोरगा नाक्यावर उभा राहणाऱ्यापेक्षा बरा. पण घोडी घरात आली की ती पोराची राहत नाही, सगळ्या घराची होते. म्हणून बाजाराला निघण्याआधी घरात बसून चार गोष्टींचा विचार झाला पाहिजे.

घोडी कमी झाली, हौस वाढली

देशात २०१२ च्या पशुगणनेत घोडी आणि तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या घरात होती. २०१९ च्या गणनेत ती ३ लाख ४० हजारांच्या आसपास आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी घट झाली. कारण उघड आहे. टांगा गेला, ओझे टेम्पोवर गेले. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या. पोटापाण्यासाठी घोडा पाळणारा माणूस मागे हटत गेला.

आता घोडा टिकून आहे तो मुख्यतः लग्नाची वरात, पर्यटन, शर्यत आणि हौस यांवर. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. जुन्नर-खेड भागातल्या घाटांत बैलांपुढे घोडी पळते, त्यामुळे तिकडे चांगल्या घोडीला पुन्हा विचारणा होऊ लागली. त्यात मोबाईलवरच्या रील्सची भर पडली. पण हौसेचा बाजार हा हौसेचाच असतो. भाव चढतो तो कौतुकाने, आणि विकायची गरज आपल्याला पडली की कौतुक करणारा एकही जवळ फिरकत नाही.

रोजचा खर्च किती?

घोडीची किंमत एकदा द्यायची असते, दाणापाणी रोज द्यायचे असते. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सात किलो सुका चारा आणि दीड किलो दाणा धरा. म्हणजे वर्षाला साडेपंचवीस क्विंटल चारा आणि साडेपाच क्विंटल दाणा. हिशेबासाठी चारा आठ रुपये किलो आणि भरडा तीस रुपये किलो धरला, तर चाऱ्याचे २०,४४० आणि दाण्याचे १६,४२५ रुपये होतात. एकूण ३६,८६५. रोजचे शंभर रुपये झाले. आपल्या गावचा भाव वेगळा असेल तर तो घालून आकडा काढा.

यात नालबंद नाही, औषध नाही, खोगीर-लगाम नाही, शेड नाही. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावे लागतात. पाणी दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ज्या गावात चैत्रात टँकर येतो तिथे हाही खर्चच आहे. आणि नीट सांभाळली तर घोडी वीस-पंचवीस वर्षे जगते. पोरगा तीन वर्षांत पदवीधर होतो. पुढची वर्षे कोण सांभाळणार, हा प्रश्न आजच विचारा.

"शिंगरू विकून पैसे वसूल होतील" असे सांगणारे बाजारात पुष्कळ भेटतात. घोडी गाभण राहिल्यापासून विण्यापर्यंत अकरा महिने लागतात. शिंगरू तोडायला आणखी सहा. म्हणजे सतरा महिने. वरच्या दराने तेवढ्यात चारादाण्याचे बावन्न हजार गेले. गाभण आणि दुभत्या घोडीला खुराक वाढवावा लागतो, तो वेगळा. वरातीच्या धंद्याचेही तसेच आहे. तिथे बँड, फटाके, गर्दी सोसणारी शांत, शिकवलेली घोडी लागते आणि चातुर्मासात लग्ने बंद असतात. घोडी मात्र चातुर्मासातही खाते.

गुरासारखे पाळू नका

गोठ्यात गाय-बैल पाळणाऱ्याला वाटते, एक दावण वाढली, त्यात काय? इथेच घोडे पेंड खाते. बैल रवंथ करतो, घोडा करत नाही. घोड्याचे पोट लहान, त्याला थोडे थोडे आणि वारंवार लागते. त्याला उलटी होत नाही. त्यामुळे बुरशी लागलेला कडबा, एकदम जास्त दाणा किंवा खाण्यातला अचानक बदल यांमुळे पोटशूळ उठतो आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर रात्रीत जनावर हातचे जाते. कोंबडीखाद्य चुकूनही घालू नका. त्यात काही वेळा मोनेन्सिन हे औषध असते, ते घोड्याला विषासारखे आहे. जखम झाली तर धनुर्वाताचा धोका इतर जनावरांपेक्षा घोड्याला जास्त, म्हणून त्याची लस आधीच टोचून घ्या.

घोड्याला रोज फिरवावेही लागते. आठवडाभर दाणा खाऊन उभी राहिलेली घोडी रविवारी एकदम पळवली तर तिचे स्नायू आखडतात, लघवी काळपट होते. आता पोराचे वेळापत्रक बघा. सकाळी सातची एसटी, संध्याकाळी परत. परीक्षेचा महिना वेगळा. जिल्ह्याच्या ठिकाणी होस्टेलला असेल तर शनिवारी यायचे. मग पहाटेचा चारा कोण टाकणार, खरारा कोण करणार, लीद कोण काढणार? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. आई आणि म्हातारे आजोबा. त्यांना विचारल्याशिवाय घोडी आणू नका. लाथेने आणि चाव्याने इजा होते ती याच माणसांना.

घेताना काय बघाल?

आपल्याकडे भोवरा बघायला दहा जण जमतात, खूर बघायला कोणी वाकत नाही. देवमन, पंचकल्याण, नुकरा, अबलख यावर भाव ठरतो, आणि पाय लंगडा निघतो. म्हणून चारही खूर उचलून बघा. कडक जमिनीवर चालवून आणि पळवून बघा. दात बघून वय ठरवा. पाच वर्षांच्या सुमारास दात पूर्ण होतात. दोन वर्षांच्या शिंगरावर स्वारी करू नये, हाडे कच्ची असतात. पहिल्यांदा घेणाऱ्याने तापट शिंगरू न घेता आठ-दहा वर्षांची, हाताळलेली, शांत घोडी बघावी. सौदा पक्का करण्यापूर्वी पशुवैद्यकाला दाखवा. त्याची फी वाचवणे म्हणजे वरातीमागून घोडे.

पावती घ्या. त्यावर वर्णन, रंग, खुणा आणि विकणाऱ्याचे पूर्ण नाव-पत्ता हवा. पोरगा अकरावी-बारावीला असेल आणि अठरा पूर्ण नसतील तर त्याच्या नावाचा करार कायद्याने टिकत नाही. पावती आणि विमा वडिलांच्या नावे करा.

ग्रामसेवक आणि सरपंचांसाठी

घोडी बाहेरच्या बाजारातून येते तेव्हा रोगही येऊ शकतो. ग्लँडर्स हा त्यातला मोठा. ताप, नाकातून घट्ट शेंबूड, नाकात आणि कातडीवर गाठी व फोड ही लक्षणे. यावर लस नाही आणि हा रोग माणसालाही होतो. तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. रोग पक्का ठरला तर जनावर नष्ट करावे लागते. २००९ च्या जनावरांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली हा रोग येतो. संशय आला की मालकाने ग्रामअधिकारी किंवा ग्रामपंचायतीला कळवायचे आणि पुढे पशुवैद्यकाला लेखी कळवले जावे, अशी त्यात तरतूद आहे. "बघू दोन दिवस" म्हणू नका. नवी घोडी गावात आली की दोन-तीन आठवडे तिला इतर घोड्यांपासून वेगळी ठेवायला सांगा. आजारात १९६२ हा पशुसेवेचा क्रमांक लावा.

काटेरी लगामाचेही बघा. १९६५ च्या केंद्रीय नियमांत टोकदार लगाम वापरायला मनाई आहे. जत्रेत पोरे हौसेने तो घालतात आणि घोडीच्या तोंडातून रक्त येते. हे थांबवणे गावाच्या हातात आहे.

अनुदानाची खरी गोष्ट

सध्या एजंट मंडळी सांगत फिरतात, "घोड्याला निम्मं अनुदान आहे, कागद करून देतो." यातले अर्धे खरे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश केला. त्यात ५० टक्के भांडवली अनुदान आहे, कमाल ५० लाख. पण ते उद्योग उभारणाऱ्यासाठी आहे. व्यक्ती, बचतगट, शेतकरी उत्पादक संस्था अशांना प्रकल्प मांडावा लागतो आणि बँकेचे कर्ज किंवा स्वतःचा पैसा दाखवावा लागतो. कॉलेजच्या पोराला हौसेची एक घोडी घेऊन देणारी ही योजना नाही. कागद करून देतो म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका. आधी तालुक्याच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्याला भेटा.

मग पोराला नाही म्हणायचे का?

तसे नाही. त्याला म्हणा, आधी एक हंगाम घोडेवाल्याकडे काम कर. पहाटे उठ, लीद काढ, खरारा कर. चार महिन्यांनी हौस टिकली तर ती खरी. पशुवैद्यक शिक्षणाची वाट आहेच. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे महाविद्यालये आहेत. एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी पथकात स्वतःचा घोडा नसतानाही घोडेस्वारी शिकता येते. दोघा-तिघा मित्रांनी मिळून घोडी घ्यायची असेल तर खर्च, पाळी आणि विक्री यांचे आधीच लिहून ठेवा.

एवढे करूनही घ्यायची ठरली तर तीन अटी घाला. पैसे व्याजाने काढायचे नाहीत. सहा महिन्यांचा चारा आधी वळईत दिसला पाहिजे. आणि पोरगा गावात नसेल तेव्हा घोडी कोण बघणार, त्या माणसाने स्वतः होकार दिला पाहिजे. तिन्ही जमत असतील तर खुशाल बाजाराला जा. एक जरी अट जमत नसेल तर यंदा यात्रा करा, दत्ताचे दर्शन घ्या, चार घोडी बघा आणि मोकळ्या हाताने परत या. बाजार पुढच्या मार्गशीर्षातही भरणार आहे.