आकाशपाळण्याखालची जमीन

मुंबईला आकाशपाळणा हवा आहे. जत्रेतला नव्हे, लंडनच्या ‘लंडन आय’सारखा भव्य. २०२० च्या सुरुवातीला राज्य सरकारने वांद्र्याला ‘मुंबई आय’ उभारण्याचा मनोदय जाहीर केला. पुढे करोनाच्या धामधुमीत विषय मागे पडला, आणि महापालिकेच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात खासगी भागीदारीच्या रूपाने तो पुन्हा डोकावला. अशी घोषणा झाली की चर्चा होते ती उंचीची आणि खर्चाची. लंडनच्या या चाकात मी सहकुटुंब बसून आलो आहे. वरून दिसणारा देखावा सुंदर आहे, यात शंका नाही; पण मुंबईने शिकण्यासारखे जे आहे ते बरेचसे त्याच्या पायथ्याशी आहे.

या चाकाचा जन्मच गमतीदार. १९९३ साली ‘संडे टाइम्स’ आणि आर्किटेक्चर फाउंडेशन यांनी नव्या सहस्रकाच्या स्मारकासाठी स्पर्धा घेतली. परीक्षकांना एकही आराखडा पसंत पडला नाही. डेव्हिड मार्क्स आणि ज्युलिया बारफिल्ड या वास्तुरचनाकार पती-पत्नीने मात्र आपल्या चाकाचा ध्यास सोडला नाही. ब्रिटिश एअरवेजने पाठबळ दिले. थेम्स नदीवर आडवे ठेवून जोडलेले ते धूड ऑक्टोबर १९९९ मध्ये उभे केले गेले. ३१ डिसेंबरला पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी उद्‌घाटन केले खरे, पण तांत्रिक अडचणीमुळे प्रवासी बसले ते मार्च २००० मध्ये.

चाकाची उंची १३५ मीटर. लंडनच्या ३२ बरोंची आठवण म्हणून काचेच्या कॅप्सूलही ३२. शेवटच्या कॅप्सूलचा क्रमांक मात्र ३३, कारण १३ हा आकडा वगळला आहे! साहेबही शकुन-अपशकुन पाळतो, हे पाहून आमची मुले खूश झाली. चाकाचा वेग ताशी जेमतेम एक किलोमीटर. एरवी ते थांबत नाही, चालत्या चाकातच चढायचे. अर्ध्या तासाच्या फेरीत पलीकडच्या तीरावरची संसद खेळण्यासारखी दिसू लागते आणि दूरवर सेंट पॉलचा घुमट वर येतो. हा घुमट शहरातून दिसत राहावा म्हणून १९३० च्या दशकापासून भोवतालच्या इमारतींच्या उंचीवर बंधने आहेत. देखावाही सार्वजनिक मालमत्ता असू शकतो, हे त्या शहराने फार पूर्वी ओळखले.

पायथ्याशी असलेली काउंटी हॉलची इमारत वेगळी कथा सांगते. तिथे लंडनच्या महापरिषदेचे मुख्यालय होते. ऐंशीच्या दशकात बेरोजगारांचा आकडा छपरावर झळकावून ती परिषद समोरच्या संसदेला डिवचत असे. थॅचर सरकारने १९८६ मध्ये परिषदच बरखास्त केली. पुढे इमारत विकली गेली आणि लोकप्रतिनिधी बसत त्या वास्तूत आज हॉटेल आणि मत्स्यालय आहे. सार्वजनिक वास्तू एकदा हातची गेली की परत मिळत नाही.

चाकाच्या बाबतीत मात्र थोडी सावधगिरी राखली गेली. परवानगी सुरुवातीला पाच वर्षांपुरतीच होती. आधाराचा काही भाग साऊथ बँक सेंटर या कलाकेंद्राच्या जमिनीवर होता. २००५ मध्ये केंद्राने वर्षाला सुमारे ६५ हजार पौंडांचे भाडे एकदम दहा लाखांवर नेण्याची मागणी केली. प्रकरण जागा खाली करण्याच्या नोटिशीपर्यंत गेले. अखेर २००६ मध्ये वर्षाला पाच लाख पौंडांवर २५ वर्षांचा करार झाला. शिवाय चाकाच्या उत्पन्नाचा एक टक्का परिसरासाठी द्यावा लागतो. २०२४ मध्ये, म्हणजे पाव शतकाच्या अनुभवानंतर, स्थानिक परिषदेने कायमची परवानगी दिली. नदीकाठचा रस्ता आणि शेजारची ज्युबिली गार्डन्स तिकिटाविना खुली आहेत. चौघांचे तिकीट परवडत नसलेले कुटुंबही तिथे संध्याकाळ घालवू शकते.

उंचीच्या शर्यतीत मात्र लंडन कधीच मागे पडले. सिंगापूरचे चाक १६५ मीटरचे. २००८ मध्ये सुरू झाले आणि २०१३ मध्ये त्याची मालक कंपनी आर्थिक डबघाईला आली. दुबईचे तब्बल २५० मीटरचे चाक ऑक्टोबर २०२१ मध्ये फिरू लागले, मार्च २०२२ मध्ये बंद पडले आणि डिसेंबर २०२४ मध्येच पुन्हा उघडले. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरचा प्रकल्प तर २०१८ मध्ये अर्ध्यावरच सोडला गेला. उलट व्हिएन्नाचे १८९७ सालचे ६५ मीटरचे चाक आजही फिरते आहे.

मुंबईत समुद्राकाठची मोकळी जागा सोन्याहून महाग आहे. म्हणून प्रश्न साधे आहेत. जमिनीची मालकी कोणाकडे राहणार? भाडेपट्टा किती वर्षांचा, आणि भाडे कसे वाढणार? उत्पन्नातला वाटा भोवतालच्या वस्तीला मिळणार का? पालिकेच्या शाळेतली मुले वर्षातून एकदा तरी फुकट बसू शकतील का? मलबार हिलवर झाडांमधून जाणारी पायवाट महापालिकेने २०२५ मध्ये २५ रुपयांच्या तिकिटात खुली केली. म्हणजे सामान्यांच्या खिशाचा विचार करणे तिला जमत नाही असे नाही.

चाक अवश्य उभारावे. मुलांना आपले शहर उंचावरून पाहू द्यावे. मात्र कंत्राटावर सही होण्यापूर्वी त्यातल्या अटी मराठीत, सर्वांना वाचता येतील अशा जाहीर व्हाव्यात. निविदा निघाल्यावर त्या विचारून उपयोग नाही. नागरिकांनी आणि नगरसेवकांनी ही मागणी आताच केली पाहिजे.