टॅबलेट, पण तापावरची नव्हे

"आई, मी टॅबलेट घेतला."

फोनवर क्षणभर शांतता. मग, "का गं? ताप आलाय का? पाणी उकळून पी म्हणून शंभरदा सांगितलं तुला. आणि टॅबलेट घेतला काय म्हणतेस, टॅबलेट घेतली म्हण!"

मित्रमैत्रिणींनो, माझ्या 'कलाप्रवासा'ची सुरुवात ही अशी झाली. आईला पंधरा मिनिटं समजावलं की ही गोळी नाही, चित्रं काढायची पाटी आहे. त्यावर ती म्हणाली, "मग पाटी म्हण ना सरळ!" आणि खरं सांगू, शब्द तिचाच बरोबर. माझ्याकडे आहे ती स्क्रीन नसलेली काळी पाटीच. वायर कॉम्प्युटरला लावायची, पाटीवर पेन फिरवायचं आणि रेघ समोर मॉनिटरवर उमटते. सीनिअरकडून जुना घेतला, मेसच्या एका महिन्याच्या बिलात बसला. घरी 'प्रोजेक्टसाठी पैसे हवेत' असं सांगितलं होतं. हे इथे छापून येणार म्हणजे बाबाही वाचणार. बाबा, सॉरी.

आता तुम्ही विचाराल, टीईला इलेक्ट्रॉनिक्समध्ये असलेल्या मुलीला हे धंदे कशाला? वाचा म्हणजे कळेल. नाही कळलं तर निदान व्हायव्हाला उपयोगी पडेल असं काहीतरी मिळेलच.

आपल्यातल्या निम्म्या लोकांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली असणार. स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि ती वस्तुचित्राची बादली, तांब्या आणि दोन कांदे! बहुतेकांनी दिली ती दहावीच्या वाढीव मार्कांसाठी. निकाल लागला, मार्क मिळाले आणि रंगांची पेटी माळ्यावर गेली. पुढे फर्स्ट इयरला ड्रॉइंग भेटलं ते ड्राफ्टर आणि प्रोजेक्शनच्या रूपात. तिथे कांदा काढायचा तर टॉप व्ह्यू, फ्रंट व्ह्यू आणि सेक्शन! माझंही असंच झालं. मिरजेला असताना रोज काहीतरी काढणारी मी, मुंबईत आल्यावर दोन वर्षं फक्त जर्नलमधल्या आकृत्या काढत होते. त्यासुद्धा दुसऱ्याच्या जर्नलवरून.

टॅबलेट घेतल्यावर वाटलं, आता काय, दणादण चित्रं! पहिल्याच रात्री भ्रमनिरास झाला. वर्तुळ काढलं तर अंडं यायचं. दोन दिवस मी स्वतःच्या हाताला शिव्या घातल्या. मग ट्यूब पेटली. पाटीच्या लांबी-रुंदीचं प्रमाण आणि स्क्रीनच्या लांबी-रुंदीचं प्रमाण वेगळं होतं, त्यामुळे आडवी रेघ जास्त ताणली जात होती. सेटिंगमध्ये प्रमाण सारखं केलं आणि अंड्याचं वर्तुळ झालं. नवीन शिकणाऱ्यांनो, हे पहिल्या दिवशी करा. माझे दोन दिवस गेले ते गेले.

पण वर्तुळ सुधारलं तरी रेघ थरथरतच होती, कारण हात खाली आणि डोळे वर. कागदावर पेन्सिलीचं टोक दिसतं, इथे स्वतःचा हात दिसतच नाही. माझी रूममेट तबला शिकलेली. ती म्हणाली, "मी वाजवताना कुठे हाताकडे बघते?" मुद्दा पटला. रोज झोपायच्या आधी पानभर सरळ रेघा, पानभर वर्तुळं. मनगटातून नाही, खांद्यातून हात फिरवायचा. साधारण तीन आठवड्यांनी एके दिवशी लक्षात आलं, की आपण हाताचा विचारच करत नाही आहोत.

आता थोडं इंजिनिअरिंग, नाहीतर स्टाफ हे पान उलटेल. बऱ्याच टॅबलेटच्या पेनात बॅटरी नसते. पाटीत तारांच्या वेटोळ्यांची जाळी असते, ती चुंबकीय क्षेत्र सोडते. पेनातलं छोटं एलसी सर्किट त्या फ्रिक्वेन्सीला रेझोनेट होतं आणि उलट सिग्नल देतं. कुठल्या वेटोळ्याला किती सिग्नल आला त्यावरून पेनाची जागा कळते. पेन दाबलं की रेझोनन्स किंचित सरकतो, त्यावरून दाब कळतो आणि रेघ जाड होते. ज्या रेझोनन्सच्या प्रॅक्टिकलला आपण मागच्या बॅचची रीडिंग्ज उतरवतो, तोच हा रेझोनन्स. मला तो या पाटीमुळे पहिल्यांदा खरा वाटला.

दुसरी गंमत 'स्टॅबिलायझर'ची. क्रिटासारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. ती चालू केली की थरथरती रेघ एकदम गुळगुळीत! जादू वगैरे काही नाही, मागच्या काही बिंदूंची सरासरी काढायची, म्हणजे आपला लो पास फिल्टरच. आणि फिल्टर म्हटलं की डिले आलाच. रेघ हाताच्या मागून रखडत येते, आणि हाताची थरथर जाते तशी हाताची जानही जाते. मी महिनाभर स्टॅबिलायझर पूर्ण चढवून चित्रं काढली. सगळी सुंदर आणि सगळी मेलेली. आता मी तो बंदच ठेवते.

यावरून मी माझ्या मूळ मुद्द्यावर येते. लोक दोन गोष्टी म्हणतात. जुने लोक म्हणतात, "कॉम्प्युटरवर काढलेलं ते काय चित्र? सगळं मशीनच करतं!" नवे लोक म्हणतात, "हाताने शिकायचं कशाला? सगळं मशीनच करतं!" गंमत बघा, वाक्य एकच. आणि दोघंही चुकतात असं माझं मत आहे.

जुन्यांना उत्तर द्यायला लांब जायला नको. विंडोजवर मराठी वाचताना आपल्यापैकी बहुतेकांनी 'मंगल' हा फॉन्ट पाहिलेला आहे. विंडोज २००० पासून तो मिळतो. त्याची अक्षरं घडवली र. कृ. जोशी यांनी. जेजेत शिकलेले, आधी जाहिरातक्षेत्रात रमलेले सुलेखनकार. इथे जवळच, पवईला आयआयटीच्या आयडीसीत त्यांनी शिकवलं, आणि पुढे जुहूच्या एनसीएसटीत काम केलं (ही संस्था नंतर सी-डॅकमध्ये गेली). तिथे त्यांनी केलेला 'रघू' हा फॉन्ट सर्वांसाठी मुक्त आहे. २००८ साली ते गेले. बोरू आणि शाईत मुरलेल्या माणसाने कॉम्प्युटरला 'मशीनचं काम' म्हणून नाकारलं असतं तर? त्यांनी हात सोडला नाही आणि मशीनलाही नाकारलं नाही. 'क' ची गाठ कशी वळते हे आधी हाताला माहीत असतं, मग ते मशीनला सांगता येतं.

तसंही कॉम्प्युटर आणि चित्र यांचं नातं काल-परवाचं नाही. इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटीत पीएचडीसाठी 'स्केचपॅड' केलं. प्रकाशाच्या पेनने थेट पडद्यावर रेघ काढायची! आणि गिंप हे आजही फुकट मिळणारं सॉफ्टवेअर बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी कॉलेजात असताना लिहिलं, १९९६ मध्ये ते लोकांसमोर आलं. आपण कॉलेजात असताना काय करतो? असो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आपल्या अंधेरीचाही यात वाटा आहे. शाळेतल्या पेटीवरचा तो उंट आठवतो? त्या कॅमलिनचं ऑफिस वर्षानुवर्षं अंधेरी पूर्वेलाच होतं. दांडेकर बंधूंनी १९३१ साली सुरुवात केली ती शाईच्या पुडीने आणि शाईच्या गोळ्यांनी. गोळी पाण्यात टाकायची, शाई तयार! म्हणजे 'टॅबलेट'मधून चित्र निघणं आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं म्हणायचं. हे आईला सांगितलं तेव्हा कुठे ती हसली.

आता नव्यांना उत्तर. डिजिटलमधली सर्वात मोठी सोय आणि सर्वात मोठा शत्रू एकच, कंट्रोल झेड. रेघ चुकली, पुसा. पुन्हा चुकली, पुन्हा पुसा. एका नाकासाठी मी चाळीस वेळा अनडू केलेलं आहे. शेवटी नाक जमलं, पण नाक कसं असतं हे कळलं नाही. कारण चुकलेल्या रेघेकडे मी बघितलंच नाही, तिला फक्त हाकलली.

यावर औषध सापडलं ते मेट्रोत. वर्सोवा ते घाटकोपर या मार्गावर बारा स्टेशनं, म्हणजे मधली अंतरं अकरा. एका अंतरात एक माणूस, पॉकेट डायरीत, बॉलपेनने. दीड-दोन मिनिटांत स्टेशन येतं, समोरचे काका उतरून जातात. अनडू नाही, झूम नाही, लेअर नाही. पहिल्या दिवशी अकरापैकी एकही माणूस माणसासारखा दिसत नव्हता. पण मरोळ नाक्याला उतरलेल्या आजोबांचा वाकलेला खांदा रात्री टॅबलेटवर बरोबर आला. तेव्हापासून माझा नियम आहे. दिवसा डायरी, रात्री पाटी. आणि पाटीवर आठवड्यातून एक चित्र अनडू न वापरता, एकाच ब्रशने, एकाच लेअरवर.

माझी सर्वात कडक परीक्षक मात्र आमच्या मेसच्या मावशी. त्यांचं चपात्या लाटतानाचं चित्र काढून मोठ्या रुबाबात लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "चेहरा माझाच हाय. पण अशी चपाती फुटंल. लाटणं मुठीत धरत न्हाईत, तळव्याखाली फिरतं ते." दुसऱ्या दिवशी कट्ट्याशी उभं राहून बघितलं. मावशींचं शंभर टक्के बरोबर! मी तीन तास शेडिंग केलं होतं, पण एकदाही नीट बघितलं नव्हतं. माझ्या मते चित्र काढणं म्हणजे हेच, बघायला शिकणं. पेन्सिल असो की पाटी, बघण्याचं काम तुमच्या वतीने कुणी करत नाही.

आणि म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. यंदाच्या अंकाच्या मुखपृष्ठासाठी मीटिंग झाली. एकाने मोबाईलवर दोन ओळी टाईप केल्या, 'मुंबईची लोकल, पाऊस, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी', आणि एआयने मिनिटभरात चार चित्रं काढून दिली. चकाचक! सगळे म्हणाले, झालं काम. मी बारकाईने बघितलं. डब्यावरच्या पाटीची अक्षरं देवनागरीसारखी दिसत होती, पण कुठल्याच भाषेत नव्हती. विद्यार्थी सगळे गोरेगोमटे, एकाच्याही छत्रीची काडी मोडलेली नाही. आणि ही यंत्रं असंख्य चित्रकारांच्या कामावरच शिकली आहेत, ते वेगळंच.

अक्षरं उद्या सुधारतील, हे मलाही माहीत आहे. माझा आक्षेप चित्र चुकलं यावर नाहीच. माझा प्रश्न आहे, कॉलेजचा अंक असतो कशासाठी? गेल्या वर्षी याच अंकात माझं पहिलं चित्र छापून आलं. मी ते बहात्तर डीपीआयवर केलेलं. ए-फोर पानाला तीनशे डीपीआय म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. वर रंग आरजीबीत ठेवलेले, छपाईच्या सीएमवायकेत गेल्यावर निळं आकाश मळकट झालं. पूर्ण चूक माझी. हॉस्टेलमध्ये महिनाभर सगळे विचारत होते, "ते पान ओलं झालं होतं का गं?" पण त्या एका फजितीतून जे शिकले ते कुठल्या व्हिडिओतून शिकले नसते. बाहेर कुठे कुणी माझं असलं चित्र छापलं असतं? कॉलेजचा अंक ही वाईट चित्र छापून घेण्याची आपली हक्काची जागा आहे. ती आपण यंत्राला का देऊन टाकायची? त्याला तर काही शिकायचंही नाही आपल्याकडून.

एक आरोप मान्य करून टाकते. चौथ्या सेमला मॅथ्सची केटी लागली तेव्हा 'चित्रं काढत बसते' असं घरी आणि इथे दोन्हीकडे ऐकलं. तो आरोप अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा वेळ मी काहीच करत नव्हते, चित्रंसुद्धा नाही. केटी सुटली. पाटी मात्र सोडली नाही.

म्हणून माझ्या दोन मागण्या, स्टाफनेही वाचाव्यात अशा. एक, लायब्ररीत दोन टॅबलेट ठेवा आणि आय-कार्डवर आठवड्यासाठी इश्यू करा. लॅबमधल्या एका साध्या डिजिटल ऑसिलोस्कोपच्या किमतीत असे चार-पाच सहज येतात. सॉफ्टवेअरचा खर्च शून्य, क्रिटा आणि गिंप फुकट आहेत. ज्याला स्वतःचा घेणं परवडत नाही त्याने घरी खोटं सांगायची वेळ येऊ नये. दोन, निदान मराठी विभागाची चित्रं तरी विद्यार्थ्यांनीच काढलेली असावीत. कागदावर, पाटीवर, जर्नलच्या मागच्या पानावर, कशीही. वेडीवाकडी आली तर येऊ देत.

मुखपृष्ठाचा निर्णय हा लेख देईपर्यंत झालेला नाही. मी माझं एक चित्र दिलं आहे. मेसचा कट्टा, वाफ आणि मावशींचे हात. लाटणं तळव्याखाली आहे. मावशींनी पास केलंय, आता समितीने बघावं.