पांडवांची घरे सीमावादात कशाला?



आपल्या सभांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते : ही भूमी पाच हजार वर्षांपासून मराठी आहे. पलीकडच्या व्यासपीठावरही तेच वाक्य, फक्त भाषेचे नाव बदललेले. टाळ्या दोन्हीकडे पडतात.

निपाणीहून संकेश्वर, हुक्केरी करत घटप्रभेच्या अंगाला गेले की गोकाक तालुक्यात कोण्णूर लागते. तिथे मोठ्या शिळा उभ्या करून, वर शिळेचेच छप्पर टाकून केलेल्या खोल्या आहेत. लोक त्यांना पांडवांची घरे म्हणतात. ती घरे नव्हेत, थडगी आहेत. लोहयुगातल्या, म्हणजे ढोबळमानाने दोन ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील डॉ. ए. सुंदरा यांनी अशा शिळाथडग्यांवर १९७५ साली ग्रंथच प्रसिद्ध केला. दक्षिणेतल्या अशा दफनांत लोखंडी अवजारे सापडतात, काळी-तांबडी मडकी सापडतात. वाचता येईल असा लेख सापडत नाही. मग ही माणसे मराठी बोलत होती की कन्नड, हे ठरवले कोणी? तेव्हा आजची मराठी नव्हती आणि आजची कन्नडही नव्हती.

मी बँकेत कारकून आहे. मयत खातेदाराच्या पैशावर हक्क सांगणारा रोज एखादा तरी काउंटरवर येतो. त्याला आम्ही कागद मागतो, आवाज किती मोठा ते पाहत नाही. दहा वर्षे हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तीसुद्धा पुराव्याशिवाय कोणाला मिळत नाही. कोण्णूरच्या मयतांनी नॉमिनी नेमलेला नाही.

कोणी म्हणेल, लेख सापडतात तिथे तरी बोलू. बोला! बेळगावच्या वडगाव-माधवपूरला उत्खननात सातवाहनकाळातले नगर निघाले. तिथला ब्राह्मी लेख प्राकृतात आहे. त्यापुढच्या काळात आलात तर श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी ओळ आहे, आणि कोल्हापूरच्या शिलाहारांचे कितीतरी लेख कन्नडात आहेत. शिलालेखांवर सीमा आखायची तर श्रवणबेळगोळ आपण मागायचे आणि कोल्हापूर त्यांना द्यायचे काय? ब्रह्मपुरीच्या टेकडीवर तर समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती मिळाली, ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. ग्रीकांनी अजून दावा लावलेला नाही, एवढेच.

आणखी एक दाखला आपले वक्ते उत्साहाने देतात. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने १८७६ साली या भागावर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात ‘दक्षिण मराठा मुलूख’ आहे. खरे आहे. पण ते नाव मराठ्यांच्या अमलावरून पडले होते. घटप्रभा-मलप्रभेच्या खोऱ्यांत दगडी हत्यारे करणाऱ्या माणसांशी त्या नावाचा काय संबंध?

आपली बाजू लंगडी आहे म्हणून हे लिहीत नाही. ती भक्कम आहे, म्हणूनच लिहितो. आपली मागणी खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा यांवर उभी आहे. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा नेला, तो १९५६ साली जिवंत माणसांना त्यांची इच्छा न विचारता वाटले म्हणून. त्यात तीन हजार वर्षांपूर्वीचे मयत साक्षीदार म्हणून उभे केले, तर समोरचा वकील हसेल आणि आपली खरी कागदपत्रेही संशयात येतील. ‘मूळचे कोण’ हा खेळ एकदा सुरू झाला की निपाणीच्या तंबाखूत राबायला बाहेरून आलेल्या कुटुंबालाही उद्या कोणीतरी उपरे म्हणेल. ते आपल्याला चालेल?

या भांडणात खरे नुकसान दगडांचे होते. उभी शिळा बांधाला जाते, खाणीला जाते, धनाच्या आशेने रात्री थडगे उकरले जाते. दहा रुपयांच्या वरचे भूमिगत धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा कायदा १८७८ पासून आहे. तो किती जणांना ठाऊक आहे?

तेव्हा समितीच्या पुढील बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. पाच हजार वर्षांचे ते वाक्य आपल्या पत्रकांतून काढावे. आणि आपापल्या गावच्या शिवारात असे दगड, जुनी खापरे, पांढरीची टेकाडे कुठे आहेत ते सर्व्हे नंबरसह लिहून ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व खात्याला द्यावे. अर्ज कन्नडमध्ये लागला तर कन्नडमध्ये द्यावा.