मिनीकिट म्हणजे पीक नव्हे

खात्याकडून बियाण्याचे मिनीकिट मिळाले म्हणजे आपला शेतकरी पिशवी फोडून ते लगेच वावरात टाकत नाही. आधी चांगला तुकडा निवडतो, पाळी घालतो, ओल बघतो आणि मगच पेरतो. मात्र हाच शेतकरी तालुक्याहून घरातले कॉम्प्युटर जोडण्याचा तयार संच आणतो, तेव्हा ही सगळी अक्कल गहाण टाकतो. दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. आमच्याच घरात हे घडले.

आमचे घर धाब्याचे, भिंती दोन हात रुंद. घरातल्या कॉम्प्युटरवर आमच्या मंडळींकडे असलेला महिला बचत गटाचा हिशेब. अंगणापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये धाकट्या भावाचे खत-बियाण्याचे दुकान, तिथे दुसरा कॉम्प्युटर आणि प्रिंटर. दोन्ही जोडावेत म्हणून संच आणला. त्यात एक राऊटर, एक छोटा स्विच आणि वायरचे भेंडोळे. विकणारा म्हणाला, "साहेब, नुसते लावा अन् चालू करा." आम्हीही माळवदावरून शेडपर्यंत वायर ओढली आणि चालू केले. दोन वर्षे काम झकास चालले.

मग मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, जवळच वीज पडली. स्विच जळाला आणि गटाचा कॉम्प्युटर डिस्कसकट गेला. बारा बायकांचा हिशेब त्यातच होता. पासबुके आणि पावत्या गोळा करून तो पुन्हा मांडायला दीड महिना लागला. कोणी भांडायला आले नाही. पण हप्ता भरायला आलेल्या एका आजीने विचारले, "माजं पैसं हायती न्हवं लेकरा?" त्या प्रश्नाने माझी मान खाली गेली.

चूक संचाची थोडी, आमची जास्त. दोन इमारतींच्या मध्ये उघड्यावरून तांब्याची वायर ओढणे म्हणजे विजेला घरात यायला वाट करून देणे. अशा ठिकाणी फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूची केबल टाकावी. तिच्या तंतूतून वीज वाहत नाही. मात्र आधारासाठी धातूची तार नसलेलीच केबल मागून घ्यावी. घराच्या आत तांब्याची वायर चालते, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० मीटरच्या आतच. घराचे अर्थिंग मात्र आधी वायरमनकडून तपासून घ्यावे.

वायर घेताना बियाण्यासारखीच पारख करावी. स्वस्त वायरीत पुष्कळदा आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. तार चाकूने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर परत करा. ती वाकवली की लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. वायफायचेही तसेच. जाड मातीच्या भिंती आणि पत्रा त्याला अडवतात. म्हणून राऊटर कोनाड्यात न ठेवता घराच्या मध्यावर उंच ठेवावा, नाहीतर खोलीपर्यंत वायर न्यावी. राऊटरसोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

कोणी म्हणेल, आता हातोहाती मोबाईल आहेत, ई-पीक पाहणीसुद्धा २०२१ पासून मोबाईलवर होते, मग घरात हे जाळे कशाला? तर हिशेबाची दुसरी प्रत ठेवण्यासाठी. आमच्याकडे आता रोज संध्याकाळी गटाचा हिशेब दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरतो. त्याला इंटरनेट लागत नाही, एक रुपया खर्च येत नाही. आठवड्याला एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती काढून कपाटात ठेवतो, कारण वीज दोन्ही कॉम्प्युटर एकदमही नेऊ शकते.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एवढेच सांगणे आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली, २०१५ साली तिला भारतनेट हे नाव मिळाले. पण तार दाराशी आली म्हणजे कचेरीत जाळे झाले असे नव्हे. बाहेरचे नेट गेले तरी आपल्याच दप्तरातली नोंद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर दिसली पाहिजे. शेतकरी एका उताऱ्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून येतो. त्याला "नेट नाही, उद्या या" हे उत्तर किती दिवस द्यायचे?

वारणेचे उदाहरण जुन्या लोकांना आठवत असेल. तिथे १९९८ साली सुमारे ७० गावे कॉम्प्युटरने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. पुढे त्याच भागात काही गावांत कॉम्प्युटरऐवजी मोबाईलच्या संदेशावर उसाची माहिती देण्याचा प्रयोग झाला. गावात यंत्र आणणे एक आणि ते चालते ठेवणे दुसरे. म्हणून बिघडले तर गावात दुरुस्त कोण करणार, हे खरेदीच्या आधी ठरले पाहिजे.

यावर माझी सूचना साधी आहे. कचेरीसाठी संच घेताना त्याच ठरावात गावातल्या दोघांना शिकवण्याचा खर्चही धरावा. आयटीआय झालेला एक मुलगा आणि बचत गटातली एक मुलगी घ्यावी. वायरीतल्या आठ तारा रंगाच्या क्रमाने लावून टोक बसवणे, राऊटर लावणे, प्रत काढणे, एवढे त्यांना यावे. हे काही दिवसांत शिकण्यासारखे आहे. एकच माणूस शिकवला आणि तो नोकरीला पुण्याला गेला, तर संच धूळ खात पडतो. म्हणून दोघे.

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. आणि घरी संच आणला असेल, तर वळीव यायच्या आत माळवदावरून गेलेली वायर आधी उतरवा.