कॅनडाच्या गव्हाची पहिली उचल



“ऊस आमचा, तो कुठं घालायचा ते आमचं आम्ही बघू,” असे हल्ली गटाच्या बैठकांत उघड बोलले जाते. बोलावे. पोटनियमातली अट काही म्हणो, १९९७ साली झोनबंदी उठल्यापासून तसा ऊस बाहेर जातोही. पण हा वाद आपल्याच शिवारात पहिल्यांदा निघाला, असे कुणी समजू नये. कॅनडाच्या गहू उत्पादकांनी तो कित्येक वर्षे घातला, त्यापायी काहींनी तुरुंग पाहिला आणि शेवटी संस्थाही गेली. ही हकीकत आपण ऊसवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे, कारण तिथला हिशोब थेट आपल्यासारखा होता.

अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा हे पश्चिम कॅनडातले प्रांत म्हणजे गव्हाचे कोठार. तेथील शेतकऱ्यांनी १९२३-२४ मध्ये स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या. सगळ्यांचा गहू एकत्र विकायचा, माल घातला की पहिली उचल द्यायची, आणि हंगाम सरल्यावर विक्रीचा हिशोब करून अंतिम हप्ता. १९२९ च्या मंदीत बाजारभाव पहिल्या उचलीच्याही खाली गेला, संस्था बुडायला आल्या आणि प्रांत सरकारांना हमी घ्यावी लागली. मग १९३५ साली मध्यवर्ती सरकारने कॅनेडियन व्हीट बोर्ड स्थापन केले.

आता खरी मेख ऐका. सुरुवातीला बोर्डाला गहू घालणे ऐच्छिक होते. त्यामुळे बाजार चढला की शेतकरी व्यापाऱ्याकडे जाई, आणि बाजार पडला की बोर्डाच्या दारात गाड्यांची रांग. म्हणजे नफ्याचे वर्ष व्यापाऱ्याचे आणि तोट्याचे वर्ष बोर्डाचे! असे कोणते दुकान चालेल? अखेर १९४३ मध्ये, युद्धाच्या काळात, बोर्डाला गव्हाची मक्तेदारी दिली गेली. शेतकऱ्याने कार्तिकात माल घातला काय आणि चैत्रात घातला काय, त्याच प्रतीच्या गव्हाला हंगामाअखेर दर एकच. परदेशी गिऱ्हाइकासमोर विकणारा एकच असल्याने शेतकरी एकमेकांचा भाव पाडत नसत.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. अमेरिकेच्या सीमेलगतच्या शेतकऱ्याला पलीकडच्या गोदामात कधी कधी जास्त भाव दिसे, तोही रोखीने. तिकडे गहू न्यायचा तर स्वतःचाच गहू आधी बोर्डाला विकून बोर्डाच्या भावाने परत विकत घ्यायचा, असा कागदी द्राविडी प्राणायाम होता. आणि पूर्वेकडच्या ऑन्टॅरियोच्या शेतकऱ्याला हे बंधन नव्हते! १९९६ मध्ये काही जणांनी परवान्याविना गहू सीमेपार नेला. दंड भरायला नकार दिला म्हणून अल्बर्टाच्या तेरा शेतकऱ्यांना २००२ साली तुरुंगात जावे लागले. शेतकऱ्याच्या नावाने उभी राहिलेली व्यवस्था आपल्याच गव्हासाठी शेतकऱ्याला कोठडीत घालते, हे आम्हांस मुळीच पटत नाही. आपल्याकडेही १९७२ पासूनच्या एकाधिकार कापूस खरेदीत, शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस रात्रीचा सीमा ओलांडायचा. नाकेबंदीने सहकार टिकत नाही.

मात्र बोर्ड मोडले ज्या रीतीने, तेही पटत नाही. १९९८ पासून बोर्डाच्या पंधरा संचालकांपैकी दहा शेतकरी निवडून देत. २०११ साली बोर्डाने मतदान घेतले, त्यात गव्हाच्या बाबतीत ६२ टक्के आणि बार्लीच्या बाबतीत ५१ टक्के मते मक्तेदारी ठेवावी अशी पडली. सरकारने ती मानली नाहीत. डिसेंबर २०११ मध्ये कायदा केला आणि १ ऑगस्ट २०१२ पासून बाजार खुला झाला.

पुढे काय झाले? २०१३ ला विक्रमी पीक आले, गोदामे तुंबली, रेल्वेला माल उचलेना, आणि बंदरावरचा भाव व शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव यांत मोठी दरी पडली. मार्च २०१४ मध्ये सरकारलाच रेल्वे कंपन्यांना आठवड्याला दहा लाख टन धान्य हलवण्याचा हुकूम द्यावा लागला. खुल्या बाजाराचे लोक म्हणतात, एवढे पीक आणि तशी थंडी असती तर बोर्डाचीही तीच गत झाली असती. असेलही. कॅनोला तिथे आधीपासून खुल्यातच विकला जाई आणि त्यात शेतकरी काही बुडाला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पण २०१५ साली बोर्डाचा निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा एका बहुराष्ट्रीय धान्य कंपनीच्या आणि सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक कंपनीच्या जोडसंस्थेकडे गेला. आता ते बोर्ड पुन्हा उभारतो म्हटले तरी सोपे नाही.

आमच्या शेतकी खात्याला रोज दिसते ते १९३५ ते १९४३ चेच चित्र. ऊस कमी असला की गुऱ्हाळवाला आणि बाहेरचा कारखाना बांधावर येऊन चार पैसे जास्त बोलतो, आणि नोंदलेला ऊस रातोरात तुटतो. इकडे टोळ्यांना उचल दिलेली असते, गाळपाचे दिवस घटले तरी पगार आणि व्याज घटत नाही. तो बोजा ज्याने इमानाने ऊस घातला त्याच्या अंतिम दरातून निघतो. आणि ऊस बेसुमार झाला की हाच सभासद तोडीची चिठ्ठी मागायला गट ऑफिसात पहिला हजर! २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात जून उजाडला तरी ऊस रानात उभा होता, तेव्हा बांधावर जास्त भाव बोलणारे किती जण दिसले?

तरीही दोष एकट्या सभासदाचा नाही. साखर कोणत्या भावाने गेली, मळी आणि बगॅसचे काय आले, तोडणी-वाहतुकीला टनामागे किती पडले, हे सभासदाला हंगामाअखेर साध्या भाषेत एका कागदावर मिळाले पाहिजे. अहवालाच्या शेवटच्या पानांत बारीक अक्षरांत नव्हे. तसा कागद प्रत्येक गट ऑफिसात लावावा, असे आम्ही कळवले आहे.

येत्या हंगामाचे नोंदीचे फॉर्म गट ऑफिसात आहेत. गेल्या वर्षी ज्यांचा ऊस बाहेर गेला त्यांनीही यावे आणि का गेला ते मोकळेपणाने सांगावे: भाव, उशिरा आलेली तोड, काट्याबद्दल शंका, जे असेल ते. नाव न लिहिता आम्ही कारण तेवढे लिहून घेऊ आणि ती यादी जशीच्या तशी संचालक मंडळापुढे ठेवू.