पाय दुखतो म्हणणारे पोर

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या वाड्यातांड्यांवरून कोयता निघतो. मुकादमाची उचल अंगावर असते. म्हातारी माणसे घर राखतात, लहान पोरे आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात. तिथे एखादे पोर पाय दुखतो म्हणून लंगडू लागले, तर पडले असेल, मुरगळले असेल म्हणून तेल चोळले जाते. बहुतेकदा तेवढेच असते, हेही खरे. पण मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाची, ल्युकेमियाची, पहिली खूण कधी कधी हीच असते.

रक्त तयार होते हाडांतल्या मज्जेत. तिथे विकृत पेशींची दाटी झाली की हाड आतून ठणकते. वाढीच्या वयातले साधे दुखणे संध्याकाळी दोन्ही पायांत येते आणि सकाळी पोर पुन्हा हुंदडते. हे दुखणे मुलाला झोपेतून उठवते, दिवसेंदिवस हटत नाही. कधी सांधा सुजतो, कधी मणका दबून पाठ धरते. ताप आणि फिकेपणा सोबत असला तर संशय येतो. मात्र काही मुलांत सुरुवातीला रक्ताचे आकडे जवळपास ठीक असतात. (शिल्लक जुळली म्हणजे खाते चोख, असे आम्ही बँकवालेही मानत नसू.) मग संधिवात ठरतो, नाहीतर हाडाचा क्षय.

खरा घात पुढेच. संधिवात समजून स्टेरॉइड दिले जाते, पोर चालू लागते, डॉक्टरचे नाव होते. स्टेरॉइड हे ल्युकेमियावरच्या औषधांपैकीच एक. एकटे दिले तर ते रोग बरा करत नाही, झाकून ठेवते, आणि पुढचे निदानही अवघड करते. म्हणून अशा मुलाला ते देण्याआधी रक्ताची पूर्ण तपासणी व्हावी, काचपट्टीवर पेशी पाहिल्या जाव्यात आणि शंका उरलीच तर मज्जा तपासावी.

1948 साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी 16 मुलांना अमिनोप्टेरिन दिले. 10 मुलांना उतार पडला, तोही तात्पुरता. ते औषध आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केलेले. आज पूर्ण उपचार मिळालेली बहुसंख्य मुले बरी होतात. पण उपचार चालतात दोन ते तीन वर्षे, म्हणजे उसाचे दोन-तीन हंगाम. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे, संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय आहे, महात्मा फुले योजनाही आहे. बुडालेली मजुरी आणि अंगावरची उचल मात्र कोणत्याच योजनेत बसत नाही. साखर कारखाने कोयत्यांची नोंद ठेवतात. फडावर आलेल्या मुलांचीही ठेवावी, आणि दोन आठवडे लंगडणाऱ्या पोराचे रक्त कारखान्याच्या खर्चाने तपासावे.