जहाजाआधीचा दिवस आणि पनवेलचा बाजार

सागरी सहलीची, म्हणजे आता सर्रास क्रूझ म्हटल्या जाणाऱ्या प्रवासाची, आखणी करताना परदेशस्थ मराठी कुटुंबे खोलीचा दर्जा, जेवणाच्या वेळा आणि वाटेतली बंदरे बारकाईने पाहतात. परंतु विमानातून उतरल्यापासून जहाजावर चढेपर्यंत मध्ये पडणाऱ्या एक-दोन दिवसांचा हिशेब बहुधा कोणी मांडत नाही. हे दिवस विश्रांतीचे, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ते धुणे, इस्त्री, औषधे, बँक, मोबाइलचे सिम आणि फाटलेली बॅग यांचे असतात, आणि ही कामे नीट पार पडली नाहीत तर त्यांचे ओझे जहाजावर सोबत येते. म्हणून मुंबईहून जहाज पकडणाऱ्याने मुक्कामाचे ठिकाण हॉटेलावरून नव्हे तर बाजारावरून ठरवावे, आणि त्या कसोटीला पनवेल उतरते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

जहाज हे तरंगते शहर असल्याचे जाहिराती सांगतात, पण रोजच्या गरजांच्या बाबतीत ते शहर फार तोकडे आहे. आगीच्या भीतीने इस्त्री, किटली आणि विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड जवळ बाळगण्यास बहुतेक कंपन्या मनाई करतात. कपडे धुऊन मिळतात, मात्र धुलाईचे पैसे नगावर मोजावे लागतात. दवाखाना असतो, पण त्याचे बिल खोलीच्या खात्यावर चढते. किनारा मागे पडला की मोबाइलचे जाळे सुटते, आणि फोनचे रोमिंग, म्हणजे परक्या जाळ्यावरून चालणारी सेवा, चालू राहिले असेल तर जहाजाच्या उपग्रह-सेवेचे भारी दर लागू होतात. बँकेचा ओटीपी, म्हणजे व्यवहार पक्का करण्यासाठी संदेशाने येणारा एकवेळचा आकडा, भर समुद्रात वेळेवर येईलच असे नसल्याने क्रेडिट कार्डाचा हप्ता किंवा विजेचे बिल किनाऱ्यावरूनच भरलेले बरे. घरचे शिजवलेले पदार्थही बहुधा धक्क्यावरच अडवले जातात, त्यामुळे डब्यातल्या गुळपोळ्यांचा निकाल आदल्या रात्री लावावा लागतो; हे काम मात्र कोणी टाळत नाही.

पनवेलचे नाव पुढे करण्यामागे केवळ सोय नाही, तर त्या गावाची जुनी भूमिकाही आहे. मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये लोहमार्ग नव्हता तेव्हा मुंबईचा प्रवासी होडीने खाडीतून पनवेल बंदराला येई, तेथे वाहन बदले आणि बोरघाटाच्या रस्त्याने वर चढे; हा घाटरस्ता १८३० मध्ये गाड्यांसाठी खुला झाला. १८५२ मध्येच येथे नगरपालिका आली, यावरून वाटेवरच्या या पेठेचे तेव्हाचे महत्त्व कळते. १८६३ मध्ये रेल्वे कर्जतच्या बाजूने घाट चढून गेली आणि पुण्याकडचा प्रवासी पनवेलला वगळून जाऊ लागला. आज चित्र पुन्हा पालटले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि गोव्याकडचा राष्ट्रीय महामार्ग येथूनच सुरू होतात, कोकण रेल्वेच्या गाड्या येथे थांबतात, आणि याच तालुक्यातील नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी होऊन २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली आहेत. पाण्याची वाट आणि जमिनीची वाट यांच्या सांध्यावर बसलेल्या गावात प्रवाशाची किरकोळ कामे करून देणारी दुकाने टिकून राहतात, कारण त्यांचे गिऱ्हाईक कधी आटत नाही.

टपाल नाक्यापासून उरण नाक्यापर्यंतच्या जुन्या गावात इस्त्रीवाला, बॅगेची चेन बदलून देणारा कारागीर, झेरॉक्स आणि पासपोर्ट-फोटोचे दुकान, औषधांचे दुकान आणि शिंपी हे सारे पायी फिरता येईल इतक्या अंतरात सापडतात. याउलट जहाज जिथून सुटते त्या मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्याच्या आसपास कचेऱ्या आणि गोदामे पुष्कळ, पण रविवारी सदऱ्याला बटण लावून देणारा माणूस शोधावा लागतो. क्रूझचा हंगाम पावसाळा सरल्यावरचा, त्यामुळे सकाळी धुतलेले कपडे कोकणच्या दमट हवेतही संध्याकाळपर्यंत वाळतात आणि इस्त्री होऊन रात्री परत मिळू शकतात. औषधांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. धूतपापेश्वर ही आयुर्वेदिक औषधांची संस्था १८७२ मध्ये ज्या गावात उभी राहिली तेथे औषधांची ददात नसावी हे खरे. पण अमेरिकेतील टायलेनॉल येथे त्या नावाने मागून उपयोग नाही, पॅरासिटामॉल म्हणावे लागते, आणि अनेक गोळ्यांना कायद्याने नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी लागते. म्हणून नेहमीच्या गोळ्यांची घटकद्रव्यांनुसार नावे कागदावर लिहून आणावीत, जहाज लागू नये म्हणून घ्यायची गोळी डॉक्टरला विचारूनच घ्यावी, आणि सारी औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण धक्क्यावर सोपवलेली मोठी बॅग खोलीत पोहोचायला काही तास लागू शकतात.

कागदपत्रांची तपासणीही याच दिवशी व्हावी. जहाज कोलंबोसारख्या परदेशी बंदराला जाऊन परतणार असेल तर परदेशी पासपोर्ट असलेल्यांना भारतात पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा आवश्यक ठरतो. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे कायमचे प्रवेशपत्र, ज्यांच्याजवळ आहे त्यांना ही अडचण नाही, मात्र जहाज लक्षद्वीपला थांबणार असेल तर तेथील प्रवेश-परवान्याची चौकशी त्यांनीही आधीच करावी. बँकेत जायचे असेल तर दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असतो.

या मांडणीवर नेहमीचा आक्षेप असा की, पनवेलला भाऊ किंवा नणंद राहत असताना बाजारात पैसे मोजायचे कशाला. वस्तुतः हीच सवय मोडण्याची गरज आहे. चार बॅगांतले कपडे घरात उतरले की यजमानांचे मशीन दिवसभर फिरते, दोरीवर त्यांच्या स्वतःच्या टॉवेलला जागा उरत नाही, आणि बहुतेक वेळा हा सारा भार घरातल्या वहिनीवर पडतो, जिने सहलीचे तिकीट काढलेले नसते. देहरंग धरणाची पातळी उन्हाळ्यात खाली गेली की पनवेलमध्ये पाणीकपात होते, हे परदेशातून आलेल्या पाहुण्याच्या लक्षातही येत नाही. नात्यात पैशाची भाषा नको हे तत्त्व चांगले आहे, पण ते नेहमी एकाच बाजूच्या सोयीचे ठरत असेल तर त्याला आतिथ्य म्हणणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप अंतराचा, आणि तो अधिक वजनदार आहे. पनवेलहून निघणारी हार्बर मार्गाची लोकल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सुमारे सव्वा ते दीड तासात पोहोचते आणि तेथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळच आहे. परंतु रविवारी या मार्गावर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद ठेवण्याची व्यवस्था, वारंवार असतो, आणि मोठ्या बॅगा घेऊन लोकलमध्ये चढणे गर्दीच्या वेळी शहाणपणाचे नाही. बॅगांचे ओझे असलेल्या कुटुंबासाठी १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला, सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू हा पर्याय आहे: चिर्ले येथे पुलावर चढून शिवडीला उतरावे आणि पूर्व मुक्त मार्गाने पी. डिमेलो रस्त्यावर यावे. टोल भरावा लागतो, रिक्षाला प्रवेश नाही, आणि जहाजाची प्रवेशदारे सुटण्याच्या वेळेच्या बऱ्याच आधी बंद होतात, एवढे ध्यानात ठेवून सकाळीच निघाले तर हा आक्षेप उरत नाही. ज्याला पहाटे उठणे जमत नाही त्याने दक्षिण मुंबईतच उतरावे, पण मग कामे घरून निघण्यापूर्वीच संपवावीत.

सामूहिक सहली आखणाऱ्या मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेत जहाजाआधीचा दिवस ‘मोकळा’ म्हणून छापला जातो. तेथे यापुढे ‘पनवेल: कामांचा दिवस’ असे छापावे, शेजारी कामांची यादी द्यावी, आणि कपडे लाँड्रीत नेण्याची पाळी पुरुषांकडे लावावी.